सरांचा 'रफ'

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असा निरोप आला तेव्हा शाळेबद्दल पुष्कळ लिहिता येईल असं वाटलं होतं. स्नेहसंमेलनं, चिंचेखालची प्रार्थना, पावसाळ्यात गळणारा वरचा वर्ग. प्रत्यक्षात लिहायला बसले आणि वर्कशॉपच्या सरांपलीकडे जाताच येईना. बाकीच्या गोष्टी बाकीचे लिहितीलच. हे मनोगत सरांचं आहे.

आठवीत टेक्निकल घेणाऱ्या आम्ही तीनच मुली. पहिल्याच आठवड्यात सरांनी कानशींची, म्हणजे धातू घासायच्या हत्यारांची, खरबरीतपासून गुळगुळीतपर्यंत ओळख करून दिली: रफ, बास्टर्ड, सेकंड कट, स्मूथ, डेड स्मूथ. मागून कुणीतरी विचारलं, "सर, आपली रफ वही, ती हीच रफ का?" सर थांबले. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात 'रफ' लिहिलं, त्याखाली 'कानस' आणि 'वही', आणि म्हणाले, "हा कोपरा पुसायचा नाही. ज्याला जिथं हा शब्द भेटेल, त्यानं इथं आणून लिहायचा. अट एकच. तिथं खडबडीत काय आहे, ते सांगता आलं पाहिजे."

त्या अटीनं आम्हाला कामाला लावलं. भूमितीतली कच्ची आकृती आली. घर बांधण्याचा रफ अंदाज आला. कडा घासायच्या राहिलेला आकडा, असं त्याचं उत्तर सरांनी मान्य केलं. एकाचे मामा सुरतेला हिऱ्यांच्या कारखान्यात होते, तो पैलू न पाडलेला 'रफ' घेऊन आला. मालवणला आजोळ असलेल्या मैत्रिणीनं बंदरावरच्या फळ्यावर वाचलेला 'रफ' समुद्र आणला. पुढच्या तासाला सर माहिती काढूनच आले: लाटा अडीच ते चार मीटर असल्या तर समुद्र रफ, चार ते सहा मीटर असल्या तर व्हेरी रफ. म्हणजे खडबडीतपणा मोजता येतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. रफ वापराच्या कपड्यांवर मात्र वर्ग अडला, कारण कापड तर मऊच होतं. सरांनी एक दिवस विचार केला आणि सांगितलं, "कापड मऊच आहे. वापर खडबडीत आहे."

नववीत असताना, 1998 च्या मार्चमध्ये, ऑस्ट्रेलियाविरुद्धची चेन्नईची कसोटी झाली. पहिल्या डावात सचिनला वॉर्ननं 4 धावांवर बाद केलं होतं. दुसऱ्या डावात वॉर्न राउंड द विकेट येऊन लेगस्टंपच्या बाहेरच्या रफमध्ये चेंडू टाकू लागला आणि सचिननं नाबाद 155 धावा काढल्या. सामन्याआधी त्यानं माजी लेगस्पिनर लक्ष्मण शिवरामकृष्णनकडून तशाच उकरलेल्या जागेत चेंडू टाकून घेतले होते. सरांनी वर्तमानपत्रच वर्गात आणलं. "बॉलरांच्या बुटांनी उकरलेली जागा. तिथं पडून चेंडू काय करेल ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून यानं आधी ती जागाच अभ्यासाला घेतली." त्या दिवशी फायलिंग, म्हणजे कानशीनं घासायचं काम, झालंच नाही.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती दुपार वेगळी आहे. रस्त्यावरून "जात्याला टाकीऽऽ, पाट्याला टाकीऽऽ" अशी हाक येत होती. सर बाहेर गेले आणि त्या बाईंना घेऊन आले. "मावशी, या पोरांना जरा काम दाखवा." शिपाईकाकांच्या घरचा पाटा आणला गेला. मावशी मांडी घालून बसल्या आणि छोट्या हातोडीनं टाकीवर, म्हणजे दगडाच्या छिन्नीवर, एका लयीत ठोके देऊ लागल्या. दगडावर एकसारखे टिपके उमटत गेले. मधूनच त्या तळहात फिरवून बघायच्या आणि एखाद्या जागी पुन्हा दोन ठोके द्यायच्या. सरांनी विचारलं, "चांगला गुळगुळीत पाटा होता, मग हे कशाला?" मावशी म्हणाल्या, "गुळगुळीत झाल्यावर मिरची नुसती घसरती, वाटत न्हाई." सरांनी त्यांना पैसे दिले, चहा दिला, आणि आम्हाला एकेकाला डोळे मिटून पाट्यावरून नख फिरवायला लावलं. मग वर्कशॉपमधल्या अगदी सपाट, गुळगुळीत सरफेस प्लेटवरून, मग प्रत्येकानं स्वतः घासलेल्या लोखंडी तुकड्यावरून, म्हणजे जॉबवरून. कुठं किती खरबरीत हवं, ते आधी ठरवायचं आणि मग कानस उचलायची, हे सरांनी त्या दिवशी शिकवलं. त्यांच्या कुठल्याही धड्याची माझ्या आयुष्यात इतकी उजळणी झालेली नाही.

आज मी भोसरीतल्या एका कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळते. पृष्ठभाग किती खरबरीत हवा ते दाखवणाऱ्या त्रिकोणांच्या खुणा सरांनी ड्रॉइंगवर शिकवल्या होत्या; आता तिथं मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, आकडे असतात. खरबरीतपणाच्या श्रेणींत सगळ्यात खडबडीत एन 12 म्हणजे 50 मायक्रॉन, सगळ्यात गुळगुळीत एन 1 म्हणजे 0.025. यंत्राची हिऱ्याची सुई पृष्ठभागावरून ओढत नेली की पडद्यावर डोंगरदऱ्या उमटतात. सरांनी आमच्याकडून नखानं करून घेतलं, तेच हे काम आहे. नवे इंजिनिअर येतात, त्यांना जितकं गुळगुळीत तितकं उत्तम असं वाटत असतं. मी त्यांना इंजिनाचा सिलिंडर दाखवते. आतली भिंत आरशासारखी केली तर तिच्यावर तेल ठरत नाही, आणि पिस्टनची रिंग आणि भिंत एकमेकींना खातात. म्हणून होनिंग करताना, म्हणजे भिंत आतून बारीक घासताना, एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेघा मुद्दाम ठेवायच्या असतात. खुब्याच्या कृत्रिम सांध्याचंही तसंच: गोळा लखलखीत, पण सिमेंटशिवाय हाडात बसवायचा दांडा खरबरीत, हाडानं त्यात वाढून तो धरावा म्हणून. हे सांगताना माझ्या तोंडी सरांचीच वाक्यं येतात, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

सर आता मुलाकडे असतात. मध्यंतरी फोनवर मी त्यांना नवा अर्थ सांगितला: गोल्फच्या मैदानात मधल्या कापलेल्या पट्ट्याच्या कडेला जे उंच गवत वाढू देतात, त्याला रफ म्हणतात. पलीकडून लगेच प्रश्न आला, "पण तिथं खडबडीत काय?" उत्तर दिल्याशिवाय सुटका झाली नाही.

आपलं टेक्निकल बंद झालं आणि वर्कशॉपच्या शेडमध्ये आता जुनी बाकं रचून ठेवली आहेत, हे मागच्या भेटीत पाहिलं तेव्हा फार वाईट वाटलं. हातात कानस न धरता मुलं दहावी होतात, हे मला पटत नाही. फळ्याचा तो कोपराही आता नाही. शाळेसाठी मी एक रफनेस टेस्टर आणि तुलनेच्या नमुना-पट्ट्यांचा संच पाठवते आहे. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत तो सहज मावेल. सोबत एक पाटाही येईल, टाकी लावलेला. विज्ञानाच्या सरांनी किंवा बाईंनी सोयीचा शनिवार कळवावा, पहिला तास मी स्वतः येऊन घेईन.