वहीचं शेवटचं पान

4 ऑक्टोबर 2021 ला शाळा उघडल्या. मी नाशिकला दहावीला गणित शिकवते. दीड वर्षाने पोरं समोर, एका बाकावर एकच, मास्कच्या वर नुसते डोळे, आणि नववी जवळजवळ मोबाइलवरच गेल्यामुळे दोन पानं लिहिली की बोटं मोडत बसायची. त्यातला एक तर पेन हातात धरून खिडकीबाहेरच बघायचा. मोबाइलचं वेड लागलंय, दुसरं काय, असं मी स्टाफरूममध्ये बोलून मोकळी झाले होते.

दिवाळीनंतर एकदा तासाला तो एकदम म्हणाला, मॅडम श्वास घेता येत नाहीये. ऑफिसात नेलं, बोटाला ऑक्सिमीटर लावला तर 98. मग काही नाही रे, म्हटलं, आणि माझा फोन दिला, आईला बोलावून घे. त्याने नंबर लावला, आधी ती कोरोनाची ट्यून वाजली, लसीचं काहीतरी, आणि याने फोन टेबलावर पालथा टाकून दिला. हात थरथरत होते. मी वर ओरडले, आईशी बोलायला काय लाजतोस!

दप्तर आणायला वर्गात गेले तर गणिताची वही उघडीच होती. शेवटच्या पानावर दहा आकडी नंबर, पानभर, एकेक पट्टीने आखून खोडलेला. बाजूला बारीक अक्षरात 'उचलत नाही', 'व्हेंटिलेटर नाही', 'रात्री 11 नंतर करा'. एकाच नंबरला गोल.

एप्रिलमध्ये वडिलांचा ऑक्सिजन उतरला होता. आई त्यांच्यापाशी, मामा गाडी घेऊन दवाखान्यांच्या चकरा मारतोय आणि हा चौदा वर्षांचा पोरगा घरात बसून बेडसाठी फोन लावतोय, दरवेळी आधी ती ट्यून ऐकून. वडील वाचले. त्यामुळे घरात विषयच संपला, आणि कुणी गेलं असतं तर निदान चार माणसांनी त्याच्या पाठीवरून हात तरी फिरवला असता.

शेवटी फोन मीच लावला. वडील आले, चालताना अजून दम लागत होता त्यांना. मी वही पुढे केली. बराच वेळ पान बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, बेड मेहुण्याने मिळवला असंच मी समजत होतो हो. त्याला दिवाळीला घड्याळ घेतलं मी."