वर्क व्हिसा संपताना थायलंडमध्येच निवृत्तीचा मुक्काम: कागद पुण्याचे, शिक्का बँकॉकचा

आमच्या ओळखीतली चाकण-भोसरीच्या कारखान्यांतून थायलंडला गेलेली मंडळी आता एकेक करून निवृत्त होत आहेत. नोकरी संपली तरी तिथेच राहायचं, असं काहींनी ठरवलं आहे. त्यांची चौकशी सुरू होते ती बँकेत दाखवाव्या लागणाऱ्या ८ लाख बाथपासून. माझं सांगणं आहे, की बायको डिपेंडंट म्हणून सोबत राहणार असेल तर आधी लग्नाचा दाखला हातात घ्या. पैसे एका दिवसात खात्यात येतात, दाखल्याला मात्र पुणे, मुंबई आणि बँकॉक अशी तीन गावं फिरावी लागतात.

आधी नियम. अर्जदाराचं वय ५० पूर्ण हवं. थाय बँकेत ८ लाख बाथ, म्हणजे वीस लाख रुपयांच्या वर रक्कम, अर्जदाराच्या एकट्याच्या नावावर हवी. अर्जाच्या आधी ती सलग दोन महिने खात्यात असावी लागते. मंजुरीनंतर तीन महिने तिला हात लावायचा नाही आणि पुढे वर्षभर शिल्लक ४ लाखांच्या खाली जाऊ द्यायची नाही. दरमहा ६५,००० बाथ उत्पन्न दाखवण्याचाही मार्ग आहे, पण आम्ही बँकेतली रक्कमच दाखवली. पत्नीसाठी वेगळे ८ लाख लागत नाहीत, तिचं वयही ५० असावं लागत नाही. लागतो तो लग्नाचा पुरावा. पासपोर्टवर जोडीदाराचं नाव असतं, तेवढ्यावर भागेल असं कोणी सांगितलं तरी विसंबू नका.

लग्न झालं तेव्हा नोंदणी करायचं आमच्या दोघांच्याही घरात कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या काळातल्या बहुतेक घरांत असंच असे. उशिरा नोंदणी पुण्यात होते. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात विवाह निबंधक असतात. आमचं घर सहकारनगरला, म्हणून आम्ही तिथल्या कार्यालयात गेलो. लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, दोघांच्या वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची माहिती लागते. गुरुजी हयात नसतील तर प्रतिज्ञापत्र करावं लागतं, आम्हालाही करावं लागलं. पत्रिका सासूबाईंच्या ट्रंकेत, पातळांच्या घडीखाली सापडली. त्यांनी ती इतकी वर्षं जपली नसती तर आणखी एक प्रतिज्ञापत्र वाढलं असतं. साक्षीला नणंद, मावसदीर आणि माझा भाऊ आले. पती-पत्नी दोघांनीही निबंधकांसमोर हजर राहायचं असतं, म्हणून ह्यांची रजा, साक्षीदारांची सवड आणि कार्यालयाची वेळ हे सगळं आधी जुळवा. ह्यांना नोकरीवर परत जायचं होतं. सह्या झाल्यावर ते बँकॉकला गेले आणि पुढच्या कामासाठी मी पुण्यात थांबले.

दाखला हातात पडला की खिडकीपाशीच उभं राहून प्रत्येक अक्षर वाचा. आपल्याकडे माहेरचं नाव, सासरचं नाव, मधलं नाव यांत फार गुंता असतो. माझ्या पासपोर्टवर ह्यांचं नाव मधलं म्हणून आहे, दाखल्यावर लग्नापूर्वीचं पूर्ण नावही आहे. इंग्रजी स्पेलिंग दोन्हीकडे तंतोतंत एक हवं. फरक दिसला तर दुरुस्ती तिथेच मागा, कारण पुढचा प्रत्येक शिक्का याच कागदावर बसतो.

मग डेक्कन क्वीनने मुंबई. ती पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटते, त्यामुळे कार्यालयं उघडताना माणूस फोर्टात असतो. मंत्रालयात राज्य शासनाचं साक्षांकन, नंतर परराष्ट्र मंत्रालयाचं (त्यांनी नेमलेल्या एजन्सीमार्फत) आणि शेवटी मुंबईतल्या थाय वाणिज्य दूतावासाचा शिक्का, असा आमचा क्रम होता. प्रत्येक शिक्क्यानंतर कागदाच्या दोन्ही बाजू स्कॅन करून ठेवा. एजंट हे सगळं करून देतात. वय झालेल्यांनी आणि एकट्या बायकांनी पैसे मोजून त्यांची मदत घ्यावी, त्यात कमीपणा नाही. पण मूळ दाखला देताना पोच घ्या. एका एजंटाने मला पोच द्यायला नकार दिला, तिथून मी कागद परत घेतले.

बँकॉकला थाय भाषांतर करून घ्यायचं आणि त्यावर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या कॉन्सुलर विभागाचा शिक्का घ्यायचा. हा विभाग चेंगवत्तना रस्त्यावर आहे. भाषांतरकाराला तुमचं थाय लिपीतलं नाव आधीच्या कागदांवर जसं आहे तसंच लिहायला सांगा.

आता तारखांचं. वर्क परमिटवरचा मुक्काम नोकरीला बांधलेला असतो. नोकरीचा शेवटचा दिवस हाच त्या परवानगीचा शेवटचा दिवस. व्हिसावर पुढची कितीही तारीख दिसत असली तरी ती धरून चालायचं नाही, आणि डिपेंडंट पत्नीची परवानगीही त्याच दिवशी संपते. म्हणून कंपनीच्या एचआरकडून शेवटच्या दिवसाची तारीख लेखी घ्या आणि त्या तारखेच्या किमान दोन महिने आधी ८ लाख खात्यात टाका. आम्ही त्या दिवशी कंपनीचं पत्र घेऊन इमिग्रेशन कार्यालयात गेलो. जुनी परवानगी रद्द आणि निवृत्तीच्या कारणासाठी नवा अर्ज, दोन्ही एकाच फेरीत झालं. प्रत्येक कार्यालयाची रीत थोडी वेगळी असते, म्हणून महिनाभर आधी समक्ष जाऊन विचारा. कागद वेळेत जमले नाहीत तर १,९०० बाथ भरून सात दिवसांची मुदत मागता येते, पण ती मुख्यतः आवराआवर करून निघण्यासाठी. देशाबाहेर जावंच लागलं तर पुन्हा प्रवेश करून, मुक्कामाचे किमान १५ दिवस शिल्लक असताना नॉन-ओ या (निवृत्तांना चालणाऱ्या) व्हिसासाठी अर्ज करायचा. आधी ९० दिवस मिळतात, वर्षाची मुदतवाढ त्यानंतर. या वाटेने पैसे परदेशातून आल्याचा बँकेचा पुरावा मागतात.

चेंगवत्तनाच्या सरकारी संकुलात बी इमारतीत इमिग्रेशन आहे. पिंक लाइन मेट्रोचं स्टेशन झाल्यापासून जाणं सोपं झालं आहे. साडेआठला खिडक्या उघडतात, त्याआधी पोचा. १२ ते १ जेवणाची सुट्टी असते. मुदतवाढीचा टीएम ७ अर्ज, ४ बाय ६ सेंटिमीटरचा फोटो, माणशी १,९०० बाथ, घरी कसं पोचायचं याचा नकाशा, टीएम ३० ची (घरमालकाने तुमचा मुक्काम कळवल्याची) पावती आणि प्रत्येक झेरॉक्सवर सही, एवढं लागतं. बँकेचं पत्र त्याच दिवसाचं लागलं तर पंचाईत नको, म्हणून सकाळीच शाखेत जाऊन पत्र घ्या आणि शंभर बाथ भरून पासबुकात त्या दिवसाची नोंद उमटवा. आमची खिडकीवरची बाई माझा दाखला उलटसुलट करून फार वेळ पाहत होती. एकेक शिक्का तपासून तिने मान हलवली, तेव्हा मंत्रालयातल्या रांगेचं चीज झालं.

पैसे भारतातून न्यायचे असतील तर खातं कोणतं हे बघा. एनआरई खात्यातले (परदेशातली कमाई ठेवायचं खातं) पैसे मोकळेपणाने नेता येतात. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं एनआरओत (भारतातल्या उत्पन्नाचं खातं) जमत असेल तर तिथून पैसे नेताना सहसा सीएचं प्रमाणपत्र लागतं. मार्चअखेरीस सीएकडे जाऊ नका, तेव्हा त्यांना मान वर करायला वेळ नसतो. २०२४ पासून थायलंडमध्ये वर्षात १८० दिवस राहणाऱ्याने बाहेरून आणलेलं उत्पन्न तिथे करपात्र होऊ शकतं. २०२४ च्या आधीच्या कमाईला ते लागू नाही, म्हणून ३१ डिसेंबर २०२३ ची बँक स्टेटमेंट्स जपून ठेवा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. निवृत्तीच्या मुक्कामावर कोणतंही काम चालत नाही. जुन्या कंपनीला आठवड्यातून एकदा सल्ला द्यायला जाणंही नाही. चाळीस वर्षं यंत्रांत रमलेल्या माणसाला हे जड जातं, ह्यांनाही गेलं. ते मान्य नसेल तर हा मार्ग घेऊ नका.

नोकरीबरोबर सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे तिथल्या नोकरदारांच्या सरकारी विमा योजनेचा, दवाखानाही सुटतो. किमान १२ महिने वर्गणी भरली असेल तर सहा महिन्यांच्या आत कलम ३९ खाली स्वतः वर्गणी भरून तो चालू ठेवता येतो. देशांतर्गत नॉन-ओ मुदतवाढीला आरोग्य विम्याची सक्ती नाही, पण विमा असू द्या.

शिक्का मिळाला की दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा. तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत चालतं. गणपतीला पुण्यात यायचं असेल तर निघण्यापूर्वी री-एंट्री परमिट घ्या. एका वेळेचं १,००० बाथ, अनेक वेळांचं ३,८००. ते न घेता बाहेर पडलात तर मुदतवाढ तिथेच रद्द होते. जोडीने प्रवास असेल तर दोघांचं वेगवेगळं घ्यावं लागतं.