झपतालाची तिगुन आणि हरवलेली सम

संगीत विशारद परीक्षेचा शास्त्राचा (म्हणजे लेखी) पेपर तोंडावर आलाय आणि मी अजून तिगुनीतच, म्हणजे एका मात्रेत तालाचे तीन बोल बसवण्यातच अडकलेय. हातावर ताल देत म्हणायला सांगा, झोपेतसुद्धा म्हणेन, पण तेच कागदावर लिहायचं म्हटलं की घोळ. परवा झपताल (१० मात्रांचा) लिहायला घेतला, तिगुन अशी सुरू करायची की ती संपताच पुढच्या आवर्तनाची सम, म्हणजे पहिली मात्रा यावी; सातव्या मात्रेवर 'धीनाधी' करून मस्त सुरुवात केली आणि बघते तर दहाव्या मात्रेत दोन जागा रिकाम्याच राहिल्या, बोल संपले पण! सरांनी वहीत डोकावून एवढंच विचारलं, "सम कुठे गेली गं?"

तर गंमत अशी की १० मात्रा तिगुनीत सव्वातीनपेक्षा किंचित जास्त, म्हणजे ३ पूर्णांक एक तृतीयांश मात्रांत बसतात, म्हणून सुरुवात साडेसहाच्या थोडं पुढे, सातव्या मात्रेचा दोन तृतीयांश भाग गेल्यावर. म्हणून आधी दोन अवग्रह (रिकाम्या जागेची 'ऽ' ही खूण) आणि मग बोल: ऽऽधी, नाधीधी, नातीना, धीधीना, की आली सम. इतके दिवस मी हे पाठ करत होते, आकडेमोड केलीच नव्हती.

तसंच त्या ४८४ रागांचं. एका थाटातून (रागांच्या सात स्वरी साच्यातून) ४८४ राग होतात हे वाक्य मी पोपटासारखं घोकलं होतं. काल नीट मांडून बघितलं: सा सोडता येत नाही, मग सातही स्वरांचा संपूर्ण आरोह (चढता क्रम) १, उरलेल्या सहातला एक स्वर वगळून षाडव ६, दोन वगळून औडव १५, झाले २२. अवरोहही (उतरता क्रम) तेवढेच. बावीस गुणिले बावीस, ४८४! व्यंकटमखी या जुन्या शास्त्रकाराच्या ७२ मेळांनी (म्हणजे थाटांनी) गुणलं की ३४,८४८. (सप्तकातल्या श्रुती, म्हणजे सूक्ष्म स्वर, तेही बावीसच, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही, मी उगाच अर्धा तास शोधत बसले.)

भूप आणि देशकार या दोन रागांतला फरक लिहायची मला भीती नाही. स्वर तेच पाच, पण भूपात वादी (मुख्य स्वर) गंधार, देशकारात धैवत, एक रात्रीचा, दुसरा सकाळचा, आणि गाताना ते आपोआप वेगळे होतातच, चार ओळी लिहीन.

आज धमार ताल घेतलाय. १४ मात्रा, तिगुन दहाव्या मात्रेत एक अवग्रह सोडून सुरू, इथपर्यंत जमलं. पण धमारच्या ठेक्यातच (मूळ बोलांतच) दोन अवग्रह आहेत, त्यामुळे आता वहीत तीन दिसतायत आणि त्यातला मी घातलेला कुठला आणि तालाचे कुठले, हे मलाच बोट ठेवून मोजावं लागतंय.