एव्हरी डे

दुपारी डोळा लागत होता, तेवढ्यात शेजारच्या खोलीत पाठांतर सुरू झालं. ‘आय गो, वी गो, यू गो, दे गो, ही गोज.’ ‘गोज’वर दर वेळी हातोडा मारल्यासारखा जोर. झोप गेली ती गेलीच.

खरं तर आपल्याला एका ‘एस’चं एवढं जड का जावं? जातो, जातोस, जाते, जातात, हे सगळं आपण कुठलाही तक्ता न घोकता बोलू लागलेलो असतो. माझा आपला संशय असा, की तो ‘एस’ आपण विसरतो, कारण त्याच्यावाचून काही अडत नाही. ‘ही गो’ म्हटलं तरी कोण चाललंय ते कळतंच. इंग्रजीनेही बाकीचे प्रत्यय असेच झडू दिले. एके काळी तिथे ‘दाऊ गोएस्ट’ (तू जातोस), ‘ही गोएथ’ (तो जातो) असा थाट होता. मग उत्तर इंग्लंडच्या बोलींतला ‘एस’ दक्षिणेत उतरला आणि 17व्या शतकापर्यंत त्याने बोलण्यातून ‘एथ’ला जवळजवळ हुसकावून लावलं. ‘हॅथ’ (आजचं ‘हॅज’) आणि ‘डथ’ (आजचं ‘डज’) तेवढे चिवट निघाले. गंमत म्हणजे इंग्लंडमधल्याच नॉरफक परगण्याच्या पारंपरिक बोलीत ‘शी गो’च म्हणतात. हे कळलं तेव्हा मला उगाचच सूड उगवल्याचा आनंद झाला होता.

बरं, हा ‘एस’ एका जागी टिकेल तर शपथ. प्रश्न विचारला की क्रियापदाला सोडून ‘डू’ला जाऊन चिकटतो. ‘डज ही गो?’ मुलं दोन्हीकडे लावून मोकळी होतात. मला त्यात सावधपणाच दिसतो.

रिकाम्या जागा भरण्याची तर एक वेगळीच विद्या असते, आणि ती कुठल्याही व्याकरणात लिहिलेली नसते. वाक्य वाचायचं नाही, खूण शोधायची. ‘एव्हरी डे’ दिसलं की ‘एस’. ‘नाऊ’ दिसलं की ‘आयएनजी’. ‘सिन्स’ दिसलं की ‘हॅज बीन’. वाक्याच्या तोंडाशी ‘लुक!’ किंवा ‘लिसन!’ असेल तर डोळे मिटून ‘आयएनजी’. कोण येतंय, कोण गातंय, कुणाला पडलीय! आणि या वाक्यांतली माणसं तरी कोण? रोज पहाटे उठणारी, रोज दात घासणारी, कधीच न आळसावणारी. साध्या वर्तमानकाळात राहून राहून ती तशी झाली असावीत. त्या काळात ‘आत्ता’ असं फारसं काही घडतच नाही. मध्यरात्री म्हटलं तरी सूर्य पूर्वेलाच उगवतो, आणि उद्या सुटायची गाडीसुद्धा आजच ‘लीव्हज’.

शाळेत एकदा बाईंनी फळ्यावर अशीच वाक्यं दिली होती. वर ठळक अक्षरांत ‘सिंपल प्रेझेंट’. त्यातलं एक होतं, ‘माय फादर, रिकामी जागा, होम ॲट सिक्स’, आणि कंसात ‘कम’. आम्ही सगळ्यांनी न वाचता ‘कम्स’ लिहून टाकलं. माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलीने ‘केम’ लिहिलं. त्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर ती बरेच दिवस आलेली नव्हती, आणि का, ते वर्गात सगळ्यांना माहीत होतं.

बाईंनी वही तपासली आणि त्या उत्तरावर बरोबरची खूण केली.

मागच्या बाकावरून एक मुलगा वही नाचवत उठला. “बाई, मीपण ‘केम’च लिहिलंय! माझं का चूक?”

“तुझं चूकच आहे,” बाई म्हणाल्या. “खाली बस.”