बर्फाखालून आलेलं झाड

त्या दिवशी आम्ही खरं तर दगडांचे नमुने घ्यायला गेलो होतो. आल्प्समधली ती हिमनदी 1850 च्या सुमारास जिथवर पसरली होती, तिथे तिने लोटून आणलेल्या गोट्या-मातीचा बांध अजून उभा आहे. हाच हिमोढ. तिथून आजच्या बर्फापर्यंत पोहोचायला आम्हाला दीड तास लागला. हे सगळं अंतर एकेकाळी बर्फाखाली होतं.

दुपारी ऊन तापलं आणि हिमनदीच्या पोटातून येणारा ओढा फुगला. वाळूत काळपट ओंडका अडकलेला दिसला. हिमकड्याबरोबर घसरून आलेलं हल्लीचंच झाड असेल, असं मला वाटलं. पण तो दाबून चपटा झाला होता, एका अंगाने तासल्यासारखा. करवत लावली, तर राळेचा वास आला. अगदी ताजा!

"हा आला कुठून?" सहकारी म्हणाली.

मी वर पाहिलं. बर्फच बर्फ. पाणी लाकूड खाली आणतं, वर नेत नाही. म्हणजे हे झाड आणखी वर वाढलं होतं, आज जिथे हिमनदी आहे तिथे. माझे हात थरथरले, थंडीने नव्हे.

वलयं मोजली, दोनशेच्या वर भरली. सालीकडची शेवटची वलयं इतकी बारीक की भिंगाखालीही डोळे दुखले. उन्हाळे थंड होत गेले असणार. लाकडात उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून, म्हणजे रेडिओकार्बनने, वय निघालं सुमारे साडेसहा हजार वर्षं.

हिमयुग ओसरल्यापासून बर्फ नुसता मागेच हटत आला, हा समज किती अपुरा आहे! साधारण 12,900 वर्षांपूर्वी थंडी परत आली, हिमनद्या पुन्हा पुढे सरकल्या. 11,700 च्या सुमारास ऊब परतली. पुढची काही हजार वर्षं उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्यांना सूर्याची उष्णता जास्त मिळे, कारण पृथ्वी तेव्हा उन्हाळ्यात सूर्याच्या जवळ असे. आता ती जानेवारीत जवळ असते. त्या हिशोबाने हिमनद्या वाढायला हव्यात, आणि 1850 पर्यंत त्या वाढल्याही. आज मात्र त्या झपाट्याने आक्रसताहेत, आपण हवेत सोडलेल्या वायूंमुळे. शिवाय मोठ्या हिमनदीला बदललेल्या हवेशी जुळवून घ्यायला दशकं लागतात. आज दिसणारा बर्फ आजच्या हवेच्या मानाने जास्तच आहे.

काप वाळून तडकू नये म्हणून ओल्या कापडात गुंडाळून आणला. आता दर उन्हाळ्यात त्या ओढ्याच्या तोंडाशी जातो, मुळांसकट जागेवर रुतलेलं खोड शोधायला. ते मिळालं, तर जंगल नेमकं कुठवर होतं ते दाखवता येईल.