टाउपो सरोवर आणि गायीचं मूत्र

न्यूझीलंडमध्ये १९८९ साली प्रादेशिक परिषदांच्या हद्दी बऱ्याच अंशी नद्यांच्या पाणलोटाप्रमाणे आखल्या गेल्या. फार शहाणपणाचा निर्णय, कारण प्रदूषण तालुक्याच्या सीमा पाळत नाही. १९९१ च्या संसाधन व्यवस्थापन कायद्याने त्यांना पाणी, हवा, माती यांवर नियम करण्याचे अधिकार दिले.

वायकाटो परिषदेचं टाउपो सरोवर पाहा. क्षेत्रफळ सुमारे ६१६ चौरस किलोमीटर. इथे खरा त्रास खतापेक्षा गायीच्या मूत्राचा. एकाच जागी एवढा नायट्रोजन पडतो की गवताला तो पेलवत नाही. उरलेला नायट्रेट होऊन सच्छिद्र ज्वालामुखी मातीतून भूजलात झिरपतो, सरोवरात शेवाळ वाढवतो.

परिषदेने गायी मोजल्या नाहीत, झिरपा मोजला. २००१ ते २००५ मधलं शेताचं सर्वाधिक झिरप्याचं वर्ष धरून, ‘ओव्हरसीअर’ या संगणकीय प्रारूपातून प्रत्येक शेताची नायट्रोजन-मर्यादा ठरली. जास्त जनावरं पाळायची तर दुसऱ्या शेतकऱ्याकडून त्याचे नायट्रोजनचे हक्क विकत घ्यायचे. शिवाय सार्वजनिक पैशांतून एका न्यासाने हक्क विकत घेऊन कायमचे बाद केले; लक्ष्य २० टक्के कपातीचं होतं.

अडचण दोन ठिकाणी येते. जुन्या वापरावर मर्यादा ठरल्याने ज्याने आधी जास्त प्रदूषण केलं त्यालाच जास्त हक्क मिळाले, आणि जमीन जंगलाखाली ठेवणारा अडकला. हा अन्याय मला खटकतोच. दुसरं, भूजल सरोवरात पोचायला कित्येक दशकं लागतात, त्यामुळे आज कपात केली तरी जुना नायट्रोजन येतच राहतो.