आमची वाटचाल : आधी हात मोजा

पिस्तुलासाठी दुर्बीण मागायला कुणी आमच्याकडे आलं, की आम्ही दुर्बीण दाखवत नाही. आधी त्याला उभं करतो, पिस्तूल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करायला लावतो आणि खिळ्याला टांगलेली शिंप्याची टेप काढतो. भुवईपासून मुठीच्या वर, जिथे दुर्बिणीची मागची काच येईल तिथपर्यंत मोजायचं. बहुतेकांचं 18 ते 22 इंचांत बसतं. आकडा वहीत उतरला की मग कपाट उघडतं. "भिया, दुर्बीण घ्यायला आलोय, सदरा शिवायला नाही," असं एकानं तोंडावर ऐकवलं होतं. ऐकवू दे. या टेपेकडे मी एकदा काणाडोळा केला, तेव्हा दुकानाचं शटर कायमचं खाली यायची वेळ आली होती.

दुकान बाबांनी 1974 मध्ये काढलं, इंदूरच्या सियागंजच्या मागच्या बाजूला, आठ बाय बाराच्या गाळ्यात. तेव्हा काम सगळं सर्वेच्या, म्हणजे जमीनमोजणीच्या यंत्रांचं. थिओडोलाइट, डम्पी लेव्हल, क्वचित कॉलेजचे मायक्रोस्कोप. नर्मदेचं पाणी 1978 मध्ये इंदूरला आलं. त्या आधीची दोन-तीन वर्षं लेव्हली उघडून बसवण्यात बाबांना जेवायला फुरसत नसे. जुन्या लेव्हलमधली क्रॉस हेअर, म्हणजे आत दिसणारी नेम धरायची फुली, कोळ्याच्या धाग्याची असायची, हे आजच्या पोरांना खोटं वाटतं. बाबा माळ्यावरून कोळी पकडून आणत, तारेच्या दुबेळक्यावर त्याला धागा सोडायला लावत, तो गुंडाळून डबीत ठेवत आणि लागेल तसा लाखेच्या थेंबानं रिंगवर चिकटवत. आई म्हणायची, बाकीच्यांच्या घरी जाळी काढतात, आमच्याकडे जपतात.

गाळ्यात भागीदार नव्हता, पण भागीदारासारखे एक होते. शेजारचे खरादवाले, म्हणजे लेथवाले, बोहरी चाचा. पितळेचा कुठलाही तुकडा त्यांच्या हातात द्यावा आणि माप तोंडी सांगावं. कागद त्यांना लागत नसे, बाबांना पावती लागत नसे. दिवाळीला हिशेब व्हायचा, तोही चहावर.

पुढे टोटल स्टेशन हे मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र आलं, मग जीपीएस. डम्पी लेव्हल भंगारात किलोनं गेल्या. त्याबद्दल रडत नाही, काळ आहे.

पिस्तुलाच्या दुर्बिणीचं खूळ आमच्याकडे आणलं सुभेदारसाहेबांनी. मूळचे साताऱ्याकडचे, निवृत्तीनंतर इंदूरजवळच्या महूलाच राहिले. सरकारनं 2003 मध्ये महूचं नाव डॉ. आंबेडकर नगर केलं, पण साहेबांच्या तोंडी अजून महूच. साठी उलटल्यावर त्यांनी परसात दहा मीटरवर कागद लावून एअर पिस्तुलाचा नाद सुरू केला आणि पंधरा दिवसांत दुकानात आले. "पुढची माशी दिसती तर कागद दिसत न्हाई, कागद दिसतो तर माशी फुटती. डोळं गेलं म्हणायचं का रं?"

डोळे गेले नव्हते, वय झालं होतं. उघड्या साइटवर डोळ्याला तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. मागची खाच, पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट, आणि लांबचं निशाण. चाळिशीनंतर डोळ्याची भिंग ताठ होते, एवढी धावपळ तिला जमत नाही. दुर्बिणीत निशाण आणि क्रॉस एकाच पातळीवर येतात, डोळ्याला एकाच ठिकाणी बघायचं असतं. म्हाताऱ्या नेमबाजाला दुर्बीण हवी ती यासाठी, मोठं दिसावं म्हणून नव्हे.

पण रायफलची दुर्बीण इथे चालत नाही. तिच्या मागच्या काचेपासून तीन-चार इंचांवर डोळा ठेवला तरच चित्र भरून दिसतं, या अंतराला आय रिलीफ म्हणतात. पिस्तूल लांब हातात, त्यातून बघाल तर काळोखात एक टिकली दिसेल. पिस्तुलासाठी लांब आय रिलीफची दुर्बीण वेगळीच येते. तिची खरी बाजारपेठ अमेरिका. तिकडे हँडगननं शिकार करतात. शिवाय धातूच्या आकृत्या पाडायचा खेळ आहे, 50 मीटरवर कोंबडी, 100 वर डुक्कर, 150 वर टर्की आणि 200 वर मेंढा. आपल्याकडे शिकार 1972 च्या कायद्यानं बंद, आमचं गिऱ्हाईक कागदावर आणि डब्यांवर मारणारं. आणि हेही इथेच सांगतो, आम्ही शस्त्र विकत नाही, उघडतही नाही. ते परवानेवाल्या गनस्मिथचं काम. आमचं काम काच, नळी आणि क्लॅम्प.

साहेबांसाठी बाबांनी 2 एक्सची, 20 मिलिमीटर काचेची एक दुर्बीण मिळवली. साहेब नाराज. "दोनच पट?" बाबांनी ती खिडकीकडे धरून मागच्या काचेतला उजेडाचा गोल ठिपका दाखवला. पुढच्या काचेचं माप भागिले पट, तेवढा तो ठिपका. 20 भागिले 2, म्हणजे 10 मिलिमीटर. डोळ्याची बाहुली दिवसा दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे हात थोडा हलला तरी बाहुली ठिपक्यातच राहते. 28 ची काच 7 पटीवर नेली की ठिपका 4 चा. पुढे केलेल्या हातावर तेवढा ठिपका डोळ्यात धरून ठेवणं म्हणजे ताटातला पारा बोटानं उचलणं. शिवाय पट वाढली की हाताचा कंपही तितक्या पटीनं वाढतो. 7 वर स्वतःची नाडी दिसते. साहेबांनी ती 2 एक्सची दुर्बीण नेली आणि महिन्याभरात महूचे आणखी चार पेन्शनर घेऊन आले.

आता आमच्याकडे शिकून गेलेल्या त्या पोराबद्दल.

नाव लिहीत नाही, गल्लीला माहीत आहे. चौदा वर्षांचा असताना आला, सहा वर्षं बाबांच्या हाताखाली शिकला. लेन्स स्पॅनर कसा धरायचा, स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका का द्यायचा (कुणी मध्ये उघडलं तर कळावं म्हणून), सगळं इथलं. एक दिवस गेला आणि चार गाळे सोडून स्वतःचं दुकान टाकलं. टाकू दे, सगळेच टाकतात. पण जाताना गिऱ्हाइकांची वही उतरवून नेली. काचेचं शोकेस केलं, आत दिवे लावले आणि दुर्बिणी आकड्यांप्रमाणे मांडल्या. 4, 6, 9, 12. येणाऱ्याला सांगायचा, त्यांच्याकडे भांडवल नाही म्हणून ते दोन पटीवर अडकलेत.

हे मला लागलं. बाबांना लागलं नाही, मला लागलं. आणि तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली.

2012 मध्ये मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं 60 नगांचा लॉट देऊ केला. 2 ते 7 पट, 28 ची काच, पिस्तुलाची म्हणून. नमुना आला. मी टेप लावली, 20 इंचांवर चित्र भरून आलं. खूश. आईच्या पाटल्या बँकेत गेल्या, बाकीचे पुढच्या तारखेचे चेक. बाबा म्हणाले, सगळ्या पटींवर बघितलीस का? मी हो म्हटलं. बघितली नव्हती. नमुना 2 वर आला होता, 2 वरच मोजला होता.

पट बदलणाऱ्या बऱ्याच दुर्बिणींत पट वाढवली की आय रिलीफ आखडतो. यांचा 7 वर नऊ इंचांवर आला होता. म्हणजे कोपर दुमडून पिस्तूल नाकाशी आणा, तेव्हा दिसणार. आणि गिऱ्हाईक घरी जाऊन पहिली गोष्ट काय करतं? रिंग शेवटपर्यंत फिरवतं.

31 विकल्या होत्या. तीन आठवड्यांत त्या येऊ लागल्या. चार गाळे सोडून पलीकडे रोज संध्याकाळी माझी कथा पोह्यांबरोबर वाढली जात होती. व्यापाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. बाबांनी एकच सांगितलं, परत आलेली प्रत्येक घ्यायची आणि पैसे तिथल्या तिथे मोजायचे. एकतीसच्या एकतीस घेतल्या. दुसरा चेक वटला नाही, पोलिसांची भाषा झाली, मी दोन रात्री गाळ्यातच झोपलो. घरी कुठलं तोंड घेऊन जायचं?

वाचवलं सुभेदारसाहेबांनी आणि चाचांनी. साहेब त्यातली एक हातात घेऊन बराच वेळ रिंग मागेपुढे करत होते. मग म्हणाले, "चारापतुर बरी हाय की. म्होरं जाऊच देऊ नगा तिला." 4 वर टेप लावली तर 16 इंच. जरा आखूड, पण दोन्ही हातांनी धरून कोपर सैल सोडलं की चित्र भरत होतं. चाचांनी पितळेची एक कडी काढली, रिंगच्या मागे बसणारी, आत एक खुंटी. रिंग 2 वरून 4 पर्यंत फिरते आणि खुंटीला टेकते. पहिली बसवली तेव्हा 'टक्' असा आवाज झाला आणि बाबा हसले. साठही नगांना कडी बसवली. 2 ते 4 अशी चिठ्ठी लावून, कडी का बसवली ते तोंडी सांगून, अर्ध्या किमतीला विकल्या. महूचे पेन्शनर, त्यांचे जावई, देवासचा एक ग्रुप. साहेबांनी एकट्यानं अकरा नेल्या, कुणाला वाटल्या देव जाणे. दीड वर्षात पाटल्या सुटल्या. पलीकडे आमच्या मालाला 'अर्धी दुर्बीण' नाव पडलं होतं.

तिकडची गोष्टही ऐका. त्यानं एका मुलाला 3 ते 9 पटीची, 40 च्या काचेची रायफलची दुर्बीण स्प्रिंगच्या एअर पिस्तुलावर बसवून दिली. दिसेना म्हणून मुलानं डोळा काचेशी नेला. पिस्तूल उडालं, भुवईला तीन टाके. आठव्या दिवशी क्रॉसही तिरका झाला. स्प्रिंगवाल्या पिस्तुलाचा झटका दोन्हीकडे असतो, आधी मागे, मग पिस्टन आदळला की पुढे. साधी दुर्बीण फक्त मागचा झटका सोसते. तो मुलगा आमच्याकडे आला. मी काही बोललो नाही. टेप काढली.

2014 पासून पुढे सांगण्यासारखं काही नाही, काम चाललं. 2016 ला बाबा गेले.

विषय निघालाच आहे तर थोडं ऐकून ठेवा, घेणार नसाल तरी. क्लॅम्पचे स्क्रू पान्यावर लटकून आवळू नका. 15 ते 20 इंच-पाउंडांचा पीळ पुरतो, त्यापुढे नळी चेपते. क्लॅम्पची जोडी उंचीला कमी-जास्त असेल तर मागच्या क्लॅम्पखाली कॅमेऱ्याच्या जुन्या निगेटिव्हचा तुकडा घाला, मार, म्हणजे छर्रा लागायची जागा, वर सरकतो. दहा मीटरवर नेम जुळवायच्या नॉबचा पाव मिनिटाचा (हे कोनाचं मिनिट, घड्याळाचं नव्हे) एक क्लिक म्हणजे पाऊण मिलिमीटरही नाही, तेव्हा चार क्लिक फिरवून 'नॉब खराब आहे' म्हणत येऊ नका. डोकं हलवल्यावर क्रॉस निशाणावरून सरकत असेल तर तो पॅरॅलॅक्स. रायफलच्या दुर्बिणी बहुधा 100 यार्डांवर जुळवलेल्या असतात, पुढची काच फिरवून आम्ही ते जवळ आणून देतो. आणि पावसाळ्यात चामड्याच्या पेटीत ठेवू नका हो. बुरशी चामड्यातून काचेवर येते आणि कोटिंग खाते, मग मी काही करू शकत नाही.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरला दोन ब्राँझ मिळाली आणि त्या दिवाळीपर्यंत पंधरा-वीस आईवडील मुलींना घेऊन आले. तशी दुर्बीण द्या म्हणाले. तिच्या पिस्तुलावर दुर्बीण नव्हती. ऑलिंपिकच्या पिस्तुलात उघडीच साइट चालते. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेच्या रायफलवरही नव्हती. सगळ्यांना हेच सांगून, चहा पाजून परत पाठवलं. धंद्याच्या हिशेबानं मूर्खपणा. पलीकडे किती विकल्या गेल्या ते मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात त्याच्या दुकानातला पोऱ्या मिठाईचा डबा घेऊन आला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली दुर्बीण, चाचांची कडी बसवलेली, स्क्रूवर आमचं लाल नेलपॉलिश तसंच. कुणा गिऱ्हाइकानं तशीच आणखी मागितली होती म्हणे. "सेठ ने पूछा है, ऐसी और पड़ी है क्या?"

खालच्या खणात सात होत्या. मी संपल्या म्हणून सांगितलं.